अम्मींच्या गुडघ्यांच्या मापाची गाडी

उर्दू शाळेत मराठी शिकवताना 'आरामदायी' हा शब्द मला फार उपयोगी पडतो. 'आराम' फारसी, 'दायी' संस्कृत, आणि दोन्ही मिळून सरळ मराठी. अर्धा शब्द आपल्या घरचाच निघाला म्हणून मुलं खूश होतात. गेल्या वर्षी तीन महिने मी जुन्या मोटारींच्या जाहिराती वाचत होते, तेव्हा हा शब्द रोज भेटायचा. त्याच्या मागेपुढे 'फुल ऑप्शन', 'टॉप मॉडेल', 'टचस्क्रीन', 'सनरूफ' अशी वरात. आराम कोणाला द्यायचा आहे, हे मात्र विकणारा कधी विचारत नाही. आमच्या घरात ते आधीच ठरलेलं होतं. आराम अम्मींना हवा होता.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७१. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं पुण्यात झाली. तपासणीला जायचं पुण्याला, नणंद राहते पुण्याला, माझ्या मुलीचं कॉलेज पुण्याला, आणि आम्ही सोलापुरात. अडीचशे किलोमीटर. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस एके काळी त्यांची लाडकी गाडी होती. आता डब्याची पायरी चढणं हेच एक ऑपरेशन. नात्यातल्या एका मुलाची मोटार दोनदा मागून नेली. तिसऱ्यांदा अम्मी म्हणाल्या, "किसी का एहसान कित्ता लेना?" आणि त्यांनी जाणंच सोडलं. सख्ख्या बहिणीच्या नातीचा निकाह होता, त्यालाही दाढदुखीचं निमित्त सांगून त्या घरी बसल्या. दाढ दुखत नव्हती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी काही बोललं नाही. त्याच आठवड्यात आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं.

हाताशी पैसे साडेपाच लाख. त्यात दोन वर्षं भरलेली बिशी होती, थोडी माझी साठवण होती आणि यांच्या चष्म्याच्या दुकानातून जमेल तेवढं होतं. नवी गाडी हप्त्याने घ्या, असं स्टाफरूममध्ये प्रत्येकाने सुचवलं. पण व्याजाचा हप्ता घरात आणायचा नाही, ही सासऱ्यांची अट ते गेल्यावरही आम्ही पाळतो. माझ्या मैत्रिणींपैकी कित्येक जणी कर्ज काढून गाडी घेतात, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. शब्दांची गंमत तेवढी सांगते. कर्ज, किंमत, वसूल, दलाल हे या बाजारातले शब्द अरबीतून आलेले आणि 'व्याज' तेवढं संस्कृत. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा. मराठी व्याकरणातली व्याजस्तुती आठवा.

तर रोख साडेपाच लाख, म्हणजे गाडी जुनी घ्यायची हे ठरलंच. प्रश्न उरला डिझेल की पेट्रोल.

२०१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलच्या भावात पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, तेव्हा लोक डोळे मिटून डिझेल घ्यायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या भावावरचं नियंत्रण काढलं आणि ती चंगळ संपत गेली. आता हिशेब मांडूनच बघावं लागतं. मी फळ्यावर मांडावा तसा वहीत मांडला. महिन्यातून दोनदा पुणे म्हणजे हजार किलोमीटर, वर्षाला १२,०००. पेट्रोलची सात जणांची गाडी लिटरला १५ देते असं धरलं, तर ८०० लिटर, १०५ च्या भावाने ८४,००० रुपये. डिझेलची २० देते असं धरलं, तर ६०० लिटर, ९१ च्या भावाने ५४,६००. वर्षाला २९,४०० वाचले. डिझेलच्या सर्व्हिसिंगला पाच-सहा हजार जास्त जातात, ते वजा करूनही हातात बरंच राहतं. हीच गाडी वर्षाला ४,००० किलोमीटरच चालली, तर वाचणार ९,८०० आणि त्यातले निम्मे सर्व्हिसिंगलाच जाणार. त्यात जुन्या डिझेलचा एखादा इंजेक्टर बिघडला, तर चार वर्षांची बचत एका दिवसात संपते. म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्यांना मी डिझेल घ्या म्हणणार नाही. शाळा माझ्या घरापासून तीन किलोमीटर, तिथे मी स्कूटीवरच जाते. आमची मोटार निघणार ती हायवेसाठी.

हायवेचा मुद्दा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, बसली. ही जाळी स्वतःची काजळी जाळून साफ होते, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ चांगलं तापून चालावं लागतं. बाजारहाटाच्या फेऱ्यांत ती तुंबते. आमच्या पैशांत बीएस-६ ची मोठी डिझेल बसत नव्हतीच, त्यामुळे शोध त्याआधीच्या गाड्यांपुरता राहिला.

आणि तिथे एक इंजिन पुन्हापुन्हा समोर येत होतं. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, सियाझ आणि अर्टिगात तेच, टाटाच्या इंडिका व्हिस्टा, मांझा आणि झेस्टमध्येही तेच, फियाटच्या पुंटो-लिनियात तर असणारच. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून ते टाटा आणि फियाटच्या गाड्यांसाठी निघायचं. लोक त्याला गमतीने देशाचं इंजिन म्हणत. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी हे इंजिन कोळून प्यालेले मिस्त्री गल्लोगल्ली आहेत आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. त्यात टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचा खर्च नाही. टर्बोचा दाब येईपर्यंत ते जरा सुस्त असतं हे खरं. मोहोळच्या पुढे ट्रक ओलांडताना एक गिअर खाली घ्यावा लागतो. मला चालेल.

इंजिन ठरलं, आता गाडी. इथून पुढे मी अम्मींना बरोबर नेऊ लागले आणि सगळा खेळ बदलला.

पहिली गाडी म्हणजे मोठ्या नावाची एक लांबलचक सेदान. चामड्याच्या सीटा, मागे पडदा, बटणावर चालू होणारी. किंमत आमच्या आवाक्यातली. मुलगी व्हिडिओ कॉलवर बघून नाचायला लागली. अम्मी मागच्या सीटवर बसल्या, म्हणजे शेवटचे चार बोटं अंतर पडल्याच. मग उठता येईना. मी आणि ह्यांनी दोन्हीकडून धरून त्यांना उभं केलं. "नक्को गे," त्या म्हणाल्या, "इत्ती नीची गाडी. इसमें बैठी तो उठूंगी कैसी मैं?"

दुसरी गाडी उंच एसयूव्ही. तिथे उलटं झालं. सीट उंच, पण गाडीचा तळही उंच, पाय ठेवायला पायरी नाही. दाराखालचा उंबरा इतका रुंद की पाय जमिनीला लागेपर्यंत बुरख्याचा सगळा घेर त्याच्यावरची धूळ पुसून घेतो. अम्मींनी ती गाडी बाहेरूनच नाकारली.

त्यानंतर मी पर्समध्ये शिवणाची टेप ठेवायला लागले. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की सीटची कड गुडघ्याच्या थोडी वर हवी, म्हणजे माणूस बसताना पडत नाही आणि उठताना गुडघ्यावर भार येत नाही. आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. या दुसऱ्या हालचालीसाठी दार पुरेसं उघडायला हवं आणि पुढच्या सीटपर्यंत जागा हवी. दारावर धरायला मूठ हवी. पट्ट्याचं बक्कल सीटच्या फटीत बुडालेलं नको. हे सगळं कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. विकणारे माझ्या टेपकडे बघून हसायचे, आणि उत्तर द्यायचं झालं की यांना द्यायचे. विचारणारी मी, गाडी चालवणारी मी, आणि तो म्हणणार, "साहेब, मायलेजची काळजीच करू नका." हे आपले शांतपणे सांगायचे, "मला गाडी येत नाही, मॅडमशी बोला."

अशी मापं घेत घेत आम्ही अर्टिगापाशी पोचलो. दिसायला साधी, जरा टेम्पोसारखी, असं मुलीचं मत. पण सीट नेमकी हवी त्या उंचीची. मधली रांग मागे सरकते, पाठ कलते, त्यामुळे अम्मींना पाय लांब करून बसता येतं. मधल्या रांगेसाठी छतावर वेगळा एसी आहे. सोलापूरच्या मे महिन्यात पुढचा गारवा मागे पोचेपर्यंत इंदापूर येतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला त्या छतावरच्या झरोक्यांची किंमत कळेल. झेडडीआय मॉडेलला एबीएस आणि पुढे दोन एअरबॅग होत्या, तेवढं मला पुरेसं. दहा वर्षं जुन्या गाडीत जितकी जास्त बटणं, तितके बिघडायचे जास्त जागे, असंही माझं मत आहे. सनरूफ तर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी फुकट दिलं तरी उघडणार नाही.

अर्टिगा घेताना एक धोका वेगळा असतो. या गाड्या टुरिस्ट म्हणून फार चालल्या. पिवळ्या पाटीची गाडी नंतर खाजगी करून विकली जाते आणि मीटर मागे फिरवलेलं असतं. माझा एक जुना विद्यार्थी डिझेलचं गॅरेज चालवतो. मराठीत तो कायम काठावर पास व्हायचा, पण इंजिनाची परीक्षा घ्यायला मी त्यालाच नेलं. तो म्हणाला, "टीचर, मीटर बघू नका, पेडलचं रबर बघा." रबर गुळगुळीत आणि मीटरवर ५०,००० असेल तर परत फिरायचं. पाटीखाली जास्तीची भोकं, वेग मर्यादित करणाऱ्या यंत्राच्या तुटक्या वायरी, आरसीवरची आधीची नोंद, हे सगळं त्याने दाखवलं. इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं. आम्ही सकाळी सातला एकाकडे पोचलो तर बॉनेट गरम. गाडी तर रात्रीपासून उभी आहे, असं तो माणूस सांगत होता. आम्ही चहाला नको म्हणून निघालो. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढलं आणि आतून धूर भकाभका यायला लागला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या समजायचं. तेल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरायचं नाही, डिझेलचं तेल लगेच काळं होतं. टायरवरचे चार आकडे वाचायचे. ३५१९ असेल तर तो २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली युक्ती विम्याच्या कागदातली. पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' ५० टक्के असेल, तर मालकाने सलग पाच वर्षं तरी क्लेम घेतलेला नाही. गोड बोलणाऱ्या मालकापेक्षा हा आकडा बरा. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, हेही लक्षात ठेवा.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्याही दाखवल्या गेल्या. तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, म्हणून त्या इकडे येतात. एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई विरते. मी तिकडे गेलेच नाही.

शेवटी घेतलेली अर्टिगा एका निवृत्त बँकवाल्यांची होती. २०१४ ची झेडडीआय, ९२,००० किलोमीटर, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. ४ लाख ९० हजारांना ठरली. होटगी रोडवरच्या खराब पट्ट्यावर मी मुद्दाम गाडी नेली, मागे अम्मी, आणि आरशात रस्त्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचं जुनं कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५, थकलेली ई-चलनं, १४ दिवसांत विमा नावावर. हे सगळं मी स्वतः केलं, दलालाला दिलं नाही. चार नवे टायर, बॅटरी, एसीचा गॅस आणि तेलपाणी यात ४२,००० गेले. गाडीला १५ वर्षं २०२९ मध्ये होतील, तेव्हा पुन्हा तपासणी आणि नोंदणी. पाच वर्षं धरून मी हिशेब केला होता, त्यापुढचं अल्लाह मालिक.

गाडीत खोटी नाही असं नाही. मागचा पंखा जोरात लावला की आवाज करतो आणि अम्मींना कमी ऐकू येतं, त्यामुळे भिगवणपर्यंत आम्ही सगळे ओरडून बोलतो. मागच्या महिन्यात गुलबर्ग्याला माझ्या माहेरी जायचं होतं. मी दुपारी निघायचं म्हणत होते. सकाळी नऊलाच अम्मी बुरखा घालून, पानाचा डबा घेऊन, मधल्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. एकट्याच चढल्या होत्या, दार आतून ओढून घेतलं होतं, आणि काचेवर टकटक करून मला चावी आणायला सांगत होत्या.