सेलेनियमची सीमा

डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या खेड्यांत, प्रथम डोक्याला कंड सुटावी, मग नुसता हात फिरवताच केसांचे झुबके मुठीत यावेत आणि तीन-चार दिवसांत टाळू उघडी पडावी, असा विलक्षण प्रकार सुरू झाला, तेव्हा खारपाणपट्ट्यात पहिला संशय पाण्यावर जाणे स्वाभाविकच होते. परंतु विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वपरिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, मूत्र, केस आणि शिधावाटप दुकानांतील गहू यांची तपासणी करवून जो निष्कर्ष मांडला, तो असा की, त्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होते आणि रुग्णांच्या शरीरातील जस्त मात्र घटले होते.

मला या सेलेनियमने अधिक अस्वस्थ केले ते याकरिता की, साठी उलटलेले गृहस्थ पुण्यामुंबईहून चिरंजीवांनी धाडलेल्या ज्या डब्या माझ्या टेबलावर ठेवून, ‘डॉक्टरसाहेब, हे घेतलं तं म्हातारपण लांबते काय?’ असे विचारतात, त्यांतील कित्येकींवर क आणि ई जीवनसत्त्वांच्या शेजारी हेच द्रव्य छापलेले असते. शरीरातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराच्या घडणीस ते आवश्यक आहे, यात शंका नाही; पण प्रौढास दिवसाकाठी लागते ते अवघे पन्नासेक मायक्रोग्रॅम, आणि ४०० मायक्रोग्रॅमला अमेरिकी तज्ज्ञांनी वरची सीमा आखलेली आहे. तिकडेच २००८ साली एका द्रवरूप पूरकात सेलेनियम चुकून लेबलापेक्षा सुमारे २०० पट पडले, आणि ते घेणाऱ्या २०१ जणांना विषबाधा होऊन अनेकांचे केस गळाले व नखे विद्रूप झाली.

या डब्यांमागची कल्पना जुनी आहे. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मुक्त मूलकांमुळे, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंमुळे, वार्धक्य येते, ही उपपत्ती मांडली, आणि मूलके शमविणारी द्रव्ये बाहेरून पुरविली की जरा लांबेल, असे अनुमान तिच्यावरून निघाले. अनुमान सुंदर होते, पण प्रयोगाच्या कसोटीस ते उतरले नाही. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन हे असेच एक द्रव्य घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. पुढे २०१२ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी ७८ चाचण्यांतील २,९६,७०७ व्यक्तींचा हिशेब मांडला, तेव्हा या पूरकांनी आयुष्य वाढल्याचा दाखला मिळाला नाही. उलट बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व यांनी मृत्यूचा संभव किंचित वाढलेला दिसला.

कारण मूलके केवळ उपद्रवी नव्हेत. स्नायू श्रमले म्हणजे ती निर्माण होतात आणि पेशींना स्वतःची संरक्षणव्यवस्था सिद्ध करण्याचा इशारा देतात. जर्मनीतील २००९च्या एका प्रयोगात क व ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांना व्यायामाचा इन्सुलिनविषयक लाभच मिळाला नाही. म्हणून रोज पहाटे शेताची वाट चालणाऱ्या निरोगी वृद्धास मी ही डबी बंद ठेवावयास निक्षून सांगतो, आणि ते पैसे जवस, आंबाडी, ऋतूतली फळे यांवर खर्च करण्यास सुचवितो. अपवाद मी एकच करतो: दृष्टिपटलाच्या वयोपरत्वे होणाऱ्या झिजेची मध्यम अवस्था नेत्रतज्ज्ञाने तपासून निश्चित केली असेल, तर अशा काही द्रव्यांचे ठरावीक मात्रेचे मिश्रण विकाराची पुढील वाटचाल मंदावते, आणि तेथे मी ते विनाहरकत घेऊ देतो.