सिरियल बघणारा बॉडीगार्ड

समजा, उद्यापासून तुमच्यावर कुणाचाच कंट्रोल नाही. पहिली गोष्ट काय कराल? मर्डरबॉटने काय केलं माहितीये? सिरियली बघितल्या! हजारो तास!!

मार्था वेल्सची ‘ऑल सिस्टिम्स रेड’ (2017) ही छोटीशी कादंबरी मी एका रविवारी पुण्याच्या फ्लॅटवर लोळत संपवली. ह्यूगो आणि नेब्युला, दोन्ही पटकावलेली. 2025 मध्ये तिच्यावर मालिकाही आली. हीरो अर्धा यंत्र, अर्धा हाडामांसाचा. परग्रहावर गेलेल्या शास्त्रज्ञांना कंपनीने भाड्याने दिलेला बॉडीगार्ड. आपल्यावरचा ताबा त्याने गुपचूप हॅक केलाय, मनात आणलं तर सगळ्यांना उडवेल. पण छे! ड्यूटी करायची, कुणी प्रेमाने चौकशी केली की नजर चुकवायची आणि फुरसत मिळाली की सिरियल. (पुस्तकात तो ‘तो’ नाही, ‘इट’ आहे. आपल्याकडे ‘ते’ वस्तूलाही म्हणतात आणि लेकरालाही. मराठीत हे जास्त गोड लागलं असतं.)

भीतीने दगड झालेल्या एका शास्त्रज्ञाला तो हेल्मेट उघडून, चेहरा दाखवून, शांतपणे बोलत बाहेर काढतो. तिथे मी पुस्तक मिटलं. कारण मला मामा दिसले.

मामा साताऱ्याचे, फौजेतून रिटायर्ड. ज्या जिल्ह्यात एका गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ आहे, तिथे असे मामा घरोघरी सापडतील. बोलणं मोजकं. संध्याकाळी सात ते दहा टीव्हीसमोर, सासू-सुनांच्या भांडणात बुडालेले. आम्ही पोरं खूप हसायचो.

ऑगस्ट 2019. मी सांगलीत गावभागात मावशीकडे होते. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. खालचा मजला पाण्यात, लाइट नाही, मोबाइल बंद पडलेला. दुसऱ्या दिवशी बोट आली. मावशी काही केल्या घर सोडेना. तेवढ्यात बोटीतून मामा उतरले! रस्ते बंद असताना साताऱ्याहून कसे पोचले, ते आजतागायत सांगितलेलं नाही. जिन्यात मावशीशेजारी बसले आणि तिच्या लग्नातल्या गमती सांगायला लागले. मामा! गमती! दहा मिनिटांनी ती मुकाट बोटीत बसली.

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “चार्जर घेतलास का?” एवढंच.

मिरजेत ओळखीच्यांकडे झोपलो. पहाटे उठून बघते तर मामा गायब. बोटवाल्यांबरोबर परत पाण्यात गेले होते. आभार मानायचे राहिले, ते राहिलेच. मग नोकरी, पुणे, डेडलाइन्स... कारणं काय, भरपूर असतात.

पुस्तक संपल्यावर फोन लावला. साडेसात वाजले होते, माझीच चूक.

“मामा, त्या पुरात तुम्ही...”

“जेवलीस का?”

“नाही अजून. मामा, मला म्हणायचंय...”

“जेव आधी.” मागे कुणीतरी सून रडत होती. मामांनी आवाज बारीक केला. पण फोन ठेवला नाही.