फक्त सात मिनिटांचा उशीर

व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो. पृथ्वीच्या रोखाने लघुग्रह येताना दिसला, तर बॉम्ब टाकून तो उडवून का देऊ नये? माझं काम लघुग्रहांच्या कक्षांचं गणित मांडण्याचं. त्या गणिताच्या भरवशावर मी सांगते, की त्याला फोडायची वेळ क्वचितच येईल. त्याला उशीर झाला तरी पुरे.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. तिचा व्यास साधारण १२,७५० किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती सात मिनिटांत कापते. तिच्या आणि लघुग्रहाच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, ते रेल्वेचं फाटक समजा. गाडी निघून गेल्यावर रूळ ओलांडणाऱ्याला धोका नसतो. ढोबळमानाने लघुग्रह सात मिनिटं मागे पडला, किंवा तेवढाच आधी निघून गेला, की संकट टळलं.

त्यासाठी लागणारा धक्का आश्चर्य वाटावं इतका छोटा आहे. लघुग्रहाच्या वेगात त्याच्या प्रवासाच्या दिशेने सेकंदाला फक्त १ सेंटिमीटरचा फरक पडला, तर दहा वर्षांत तो मूळ जागेपासून नऊ हजार किलोमीटरहून जास्त सरकतो. नुसता गुणाकार केला तर उत्तर तीन हजारांच्या आसपास येतं. बाकीचं काम कक्षा करते. वेग बदलला की कक्षेचा आकार बदलतो, प्रदक्षिणेचा काळ बदलतो आणि ही तफावत दर फेरीला साचत जाते. मात्र हाती एकच वर्ष असेल, तर धक्का दसपट जोराचा हवा.

हे सगळं कागदावरचं. प्रत्यक्ष प्रयोग झाला २६ सप्टेंबर २०२२ रोजी. आपल्याकडे २७ तारखेची पहाट होती. 'डिडिमॉस' या लघुग्रहाभोवती फिरणारा, जेमतेम दीडशे मीटरचा 'डायमॉर्फस' हे लक्ष्य होतं. ही जोडी पृथ्वीच्या वाटेवर नव्हती. छोटा मोठ्याभोवती फिरत असल्याने दोघांचा मिळून दिसणारा प्रकाश ठरावीक वेळाने मंदावतो, आणि त्यावरून फेरीचा काळ पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून मोजता येतो. प्रयोगाला याहून सोयीची जागा नव्हती.

त्याला धडकण्यासाठी सोडलेल्या नासाच्या 'डार्ट' यानाला शेवटच्या तासापर्यंत डायमॉर्फस वेगळा असा दिसतही नव्हता. पृथ्वीवरून, एक कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरून, यानाला हाकणं शक्य नव्हतं. शेवटची वाट यानानेच शोधली. दर सेकंदाला एक चित्र येत होतं. आधी ठिपका, मग अंडाकृती आकार, मग एकावर एक रचलेले टोकदार दगड. अखेरचं चित्र अर्धवटच पोचलं, कारण ते पाठवता पाठवता यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने आदळलं होतं.

फेरीचा काळ आधी ११ तास ५५ मिनिटं होता. तो निदान ७३ सेकंदांनी बदलला तरी मोहीम यशस्वी मानली जाणार होती. प्रत्यक्षात तो तब्बल अर्ध्या तासाहून जास्त घटला. या यशात उधळलेल्या दगडमातीचा मोठा वाटा आहे. ती मागे फेकली गेली आणि तिने डायमॉर्फसला आणखी ढकललं. हा जादा रेटा लघुग्रहाच्या जडणघडणीवर अवलंबून असतो. अखंड खडक वेगळा वागेल, दगडांचा सैल ढीग वेगळा. म्हणूनच युरोपीय अंतराळ संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'हेरा' यान तिकडे धाडलं. डायमॉर्फसचं वस्तुमान नेमकं कळलं, तरच या प्रयोगाचं सूत्र दुसऱ्या लघुग्रहाला लावता येईल.

धक्का देता येतो, हे सिद्ध झालं. आता खरी निकड आहे ती वेळेवर शोधण्याची. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या 'ॲटलास' दुर्बिणीला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो धडकण्याची शक्यता फेब्रुवारीत ३ टक्क्यांच्या वर गेली. धोक्याचा पट्टा अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. लोक घाबरून विचारत होते, की आकडा वाढतोच आहे, मग हा येणारच ना? खरं तर निरीक्षणं वाढतात तसा लघुग्रहाच्या संभाव्य जागांचा पट्टा आखडतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेपर्यंत तिचा वाटा वाढत जातो. ती पट्ट्याबाहेर पडली की शक्यता एकदम कोसळते. तसंच झालं, आणि पृथ्वीचा धोका काही दिवसांतच मिटला.

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या, सुमारे २० मीटरच्या दगडाने मात्र एवढीही सूचना दिली नव्हती. तो सूर्याच्या बाजूने आला. काचा फुटून हजाराहून जास्त माणसं जखमी झाली. अशांसाठी अवकाशातून उष्णतेच्या किरणांत पाहणारी 'निओ सर्व्हेयर' दुर्बीण नासा तयार करते आहे. १४० मीटरहून मोठ्या, पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहांपैकी निम्म्याहून अधिक अजून सापडायचे आहेत.

या कामात आपलाही हात आहे. लडाखमधल्या हानले इथली 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात, आणि पृथ्वीजवळचे लघुग्रह हा तिच्या अभ्यासाचा एक विषय आहे. नवा लघुग्रह सापडला की जगाच्या निरनिराळ्या रेखांशांवरून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. चिलीत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. म्हणून आपल्या विद्यापीठांनी मध्यम आकाराच्या दुर्बिणी उभाराव्यात, आणि मुलामुलींनी या क्षेत्रात यावं, असं मला मनापासून वाटतं. धोका दहा वर्षं आधी कळला, तर सेकंदाला एका सेंटिमीटरचा धक्का पुरतो. ती दहा वर्षं मिळवून देणं आपल्या आवाक्यातलं आहे.