आराखड्यात थांबे लिही

प्रिय निखिल,

मालवणच्या सहलीचा तू पाठवलेला आराखडा नीट वाचला. पहाटे चारला पुणं सोडायचं, नाश्ता साडेनऊच्या सुमारास कोल्हापूरला, मग गगनबावड्यावरून घाट उतरून कणकवलीला जेवण, आणि पुढच्या चार रात्री तीन वेगवेगळ्या ठिकाणी मुक्काम. खाली तू लिहिलं आहेस की आईला पथ्य पाळायला तूच सांग, तुझं ती ऐकते. ताईला मी जरूर सांगेन. पण मला वाटतं, सांगायची गरज तिच्यापेक्षा तुला जास्त आहे. सहलीत पथ्य मोडतं ते जिभेमुळे कमी आणि वेळापत्रकामुळे जास्त. घरी ताईचं सगळं व्यवस्थित चालतं, त्यात तिच्या निग्रहाइतकाच घराचाही वाटा आहे. गोळ्यांचा डबा ओट्याशेजारी असतो, वेळेवर पोळी-भाजी ताटात येते, संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी खालून हाक मारतात. गाडीत बसल्यावर यातलं काहीच उरत नाही. तिथे तिचा दिवस कसा जाणार हे तू ठरवतोस, कारण कधी निघायचं आणि कुठे थांबायचं हे तुझ्या हातात असतं.

तिच्या सकाळच्या गोळीचंच बघ. त्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. मधुमेहाचं हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न गेलेलं असो वा नसो. म्हणून ती गोळी न्याहारीला जोडून घ्यायची असते. तुझ्या आराखड्याप्रमाणे ताई सवयीने सातला गोळी घेईल आणि खाणं होईल साडेनऊला, तेही वाहतूक सुरळीत असली तर. मधल्या वेळात साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, बोलणं असंबद्ध व्हायला लागतं. चालत्या गाडीत असं झालं तर सगळे म्हणणार, गाडी लागली, लिंबू हुंगायला द्या, जरा डोळे मिटून पडू द्या. आणि नेमकं तेव्हाच तिला झोपू देणं धोक्याचं असतं. ग्लुकोमीटर डिकीतल्या बॅगेत ठेवू नकोस, तिच्या पर्समध्ये असू दे. साखर सत्तरच्या खाली दिसली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. दिवाळीचा उरलेला बेसनाचा लाडू त्या वेळी उपयोगाचा नाही, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पण मुळात ही वेळ येऊच नये यासाठी निघणं सहावर ने, आणि सातच्या आत कुठेतरी पोटभर नाश्ता ठेव. गोळीची वेळ बदलायची असेल तर ती तिच्या डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती तुझ्या लक्षात येणं मला अवघड वाटतं, कारण पुरुषांना ती अडचण भोगावी लागत नाही. वाटेतली स्वच्छतागृहं कशी असतात हे माहीत असल्याने असंख्य बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. रक्तदाबासाठी पाण्याची गोळी चालू असेल तर त्या दिवशी तीही गुपचूप चुकवतात. त्याचे परिणाम दोन दिवसांनी लघवीच्या जळजळीत किंवा वाढलेल्या रक्तदाबात दिसतात आणि दोष मालवणी जेवणाला जातो. शिवाय थांबे टाळले की बसणंही लांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दाखवून दिलं होतं की चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून प्रवास केला की शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि हे विमानाइतकंच बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे. धोका मुळात लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण दर दोन तासांनी स्वच्छ जागी पंधरा मिनिटं थांबलं तर पाय मोकळे होतात आणि पाणी पिण्याची भीतीही जाते.

तू म्हणशील, चार दिवसांनी काय बिघडतं? वजनापुरतं बोलायचं तर फारसं नाही. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सुट्टीवर गेलेल्या १२२ प्रौढांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचं वजन सरासरी अर्ध्या किलोपेक्षाही कमी वाढलं होतं. मात्र परतल्यावर सहा आठवड्यांनीही ते उतरलेलं नव्हतं. त्याच लोकांचा ताण आणि रक्तदाब कमी झालेला आढळला, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण सहलीला जावं याच मताची मी आहे. म्हणूनच तिला सोलकढी, सुरमई, घावणे खाऊ दे. कुळथाची पिठी आणि भात तर मागून घ्यायला सांग. तिच्या ताटावर कुणी पहारा करू नये. गाडीतल्या चकल्या-फरसाणाचा डबा मात्र पुढच्या सीटवर नको, कारण तो भुकेसाठी उघडला जात नाही, कंटाळ्यासाठी उघडला जातो.

दुसरा आक्षेप असा, की थांबायचं असेल तर आई सांगेलच ना! नाही सांगणार. 'माझ्यासाठी नका थांबू' हे वाक्य ताई आणि भावोजी दोघेही आयुष्यभर म्हणत आले आहेत, आणि त्या पिढीला आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होणं सहन होत नाही. मागावा लागणारा थांबा ते मागणारच नाहीत. तो आधीच लिहिलेला असेल तर मुकाट्याने उतरतील, चहा घेतील, चार पावलं चालतील.

मुक्कामांचंही तसंच. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग हलकीच झोप घेतो, असं ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, तेही तरुण, निरोगी माणसांत. तीन मुक्काम म्हणजे तशा तीन रात्री. आराखड्यातला आंबोलीचा मुक्काम या वेळी गाळ. चारही रात्री मालवणजवळ राहा, म्हणजे सकाळी दोघांना किनाऱ्यावर चालायलाही मिळेल, आणि सिंधुदुर्गाच्या होडीसाठी धावपळ होणार नाही.

सुधारलेला आराखडा पाठव. ताईच्या औषधांची चिठ्ठीही सोबत असू दे, गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवायच्या आहेत.

तुझी,
मावशी