फटफटीचा चातुर्मास

आपल्याकडे आषाढी एकादशीस देव निजतात आणि कार्तिकीस उठतात. कॅनडात टोरांटो येथे आमचे चिरंजीव राहतात. त्यांची फटफटी देव उठतात त्याच सुमारास निजते व एप्रिलात जागी होते. हा चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा, आणि तोही अधिक मास न धरता!

हिम पडू लागले म्हणजे तेथील रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने बर्फ वितळते खरे, परंतु लोखंडही खाल्ले जाते. सबब तत्पूर्वीच वाहन धुऊन, कोरडे करून गॅरेजात न्यावयाचे. इंजिनातील तेल वसंतात बदलू, असे पुष्कळजण म्हणतात. चिरंजीव आधीच बदलतात. वापरलेल्या तेलात पाणी व आम्ल यांचा अंश असतो, तो महिनोन्महिने धातूस लागून राहणे बरे नव्हे. टाकी काठोकाठ भरतात, नाही तर रिकाम्या जागेतील दमट हवेने आतून गंज चढतो. पेट्रोल नासू नये म्हणून त्यात एक द्रव्य घालून इंजिन काही मिनिटे चालवितात. बॅटरी उतरलेली असेल तर शून्याखाली दहा अंशांच्या आसपासच गोठते. म्हणून ती काढून घरात आणतात. धुरांड्याच्या तोंडात कापडाचा बोळा घालतात (गजाननाचे वाहन तेथेही आहेच!) आणि बोळा काढण्याची आठवण देणारी चिठ्ठी हँडलास बांधतात. मास्तराच्या मुलास शोभेलशीच ही चिठ्ठी.

गेल्या हिवाळ्यात मी तेथे असता चिरंजीवांस कामानिमित्त तीन महिने परगावी जावे लागले. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी आपुलकीने सुचविले की, बॅटरी जोडून आठवड्यातून दहा मिनिटे इंजिन चालवीत जा, ते मोकळे राहते. आठ वर्षांच्या नातवास तेच हवे होते. त्या आवाजात त्याला बाबा ऐकू यावयाचे. सूनबाईंचेही मन द्रवले. म्हणाल्या, "बाबा, एकदाच सुरू करून पाहू या का?"

मी नाही म्हटले. पेट्रोल जळताना पाणीही उत्पन्न होते. इंजिन पुरते तापले तर त्याची वाफ निघून जाते, दहा मिनिटांत मात्र ते तेलात आणि धुरांड्यात साचते. हे यंत्रापुरते झाले. पण गॅरेज घरास लागूनच, मध्ये एकच दार, आणि तसल्या थंडीत बाहेरचा दरवाजा सताड कोण उघडणार? उघडला तरी धूर घरात शिरू शकतोच. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास. माणूस पेंगू लागतो आणि तसाच जातो. घरात लेकरू असता ही हौस नको, असे मी स्पष्ट सांगितले.

नातू दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी बॅटरीचे खाते मी त्याजकडे सोपविले: महिन्यातून एकदा आईच्या देखत चार्जर लावावयाचा आणि तारीख वहीत लिहावयाची. त्या वहीत डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी अशा तीन नोंदी आहेत. तिसरीपुढे त्याने पेन्सिलीने लिहिले आहे, "बाबा रविवारी येणार."