लोणारहून लंडनला : भाड्याचे घर

लोणारचे खारे सरोवर पाहायला जगभरातून माणसे येतात. आता आपली मुलेही लोणारहून एस.टी.ने जालना, तेथून रेल्वेने मुंबई आणि पुढे विमानाने लंडन गाठू लागली आहेत. शिकायचे ठरले, पण राहायचे कोठे?

हा प्रश्न जुना आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावले. शहरात कोठेच आसरा मिळाला नाही. लंडनला मात्र १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड येथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर घेऊन स्मारक केले. तेथे जरूर जा.

भाड्याने घर घेताना ते पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. इंग्लंडमध्ये घरमालक व्हिसा तपासतो. तसा कायदाच आहे, घाबरू नका. अनामत सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते; त्याचा कागद मागून घ्या. मालक त्याच घरात राहत असेल, तर मात्र हा नियम लागत नाही. आत जाताच भिंती, गाद्या, नळ यांचे फोटो काढा. अनामत परत घेताना ते कामी येतील.

आईवडिलांनो, मुलांच्या बॅगेत लोणच्याबरोबर हे कात्रणही ठेवा.