खिशाची नाडी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी सातच्या सुमारास अर्धा तास बसले, की वैद्यकाचे बरेचसे ज्ञान फुकट पदरात पडते. मैदानाला एक-दोन फेऱ्या मारून मंडळी टेकलेली असतात आणि आकडे सांगत असतात. "उपाशीपोटी एकशे दहा, जेवणानंतर एकशे साठ." "माझं वरचं एकशे चाळीस, खालचं नव्वद." शेजारी कोण बसले आहे याची कुणालाच फिकीर नसते. रक्तातली साखर, गुडघ्यांची झीज, झालेच तर सकाळी पोट साफ झाले की नाही, हे सारे इथे भर उजेडात आणि खणखणीत आवाजात चालते. पण हीच माणसे एका बाबतीत मात्र कमालीची मुकी असतात. महिनाअखेरीला आपल्याजवळ काय उरते, कुणाचे किती देणे आहे, हे आकडे सांगताना मी अजून कुणाला ऐकलेले नाही. देहाची प्रकृती चारचौघांची; खिशाची प्रकृती मात्र ज्याची त्याने झाकून ठेवायची!

वैद्य पाहतो तीही नाडी आणि पैशांच्या पिशवीला बांधतात तीही नाडीच. मराठीने या दोन्हींना एकच शब्द दिला, यात मला मोठे शहाणपण दिसते. फरक एवढाच, की पहिली नाडी आपण होऊन वैद्यापुढे करतो आणि दुसरी गाठ मारून कमरेला खोचतो.

नाडी दिसत नाही म्हणून मग आपण चेहऱ्यावरून अंदाज बांधतो आणि तिथेच फसतो. मोटार, मुलाचे परदेशातले शिक्षण, आणि आमच्या भागात सर्वांत मोठे लक्षण म्हणजे पार्कावरची जागा. हे मैदान मुंबई महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. भोवती गोल सज्ज्यांची, दोन-तीन मजली टुमदार घरे उठली आणि मध्यमवर्गीय कुटुंबे तिथे राहायला आली. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ जागच्या जागी थिजली. त्यामुळे आजोबांनी पगारातून सहज दिलेले भाडे नातवालाही जड गेले नाही. आज त्याच जागांचे भाव दलाल सांगू लागला, म्हणजे त्यातली शून्ये मोजायला चष्मा पुसून घ्यावा लागतो.

माझे एक स्नेही अशाच एका जागेचे मालक आहेत. त्यांना लोक श्रीमंत समजतात आणि कागदावर ते आहेतही. परंतु हेच गृहस्थ औषधाच्या दुकानात गेले, की आवाज खाली आणून म्हणतात, "पूर्ण पट्टी नको, पाचच गोळ्या कापून द्या." निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड मुलीच्या शिक्षणात आणि आजारपणात संपला, इमारतीच्या देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी वाढतो आहे. जागा विकायची तर आयुष्य जिथे गेले ते अंगण सुटते. न विकावी तर गोळ्या मोजाव्या लागतात. खिडकीतून दिसणारे मैदान कितीही हिरवे असले, तरी ते ताटात वाढता येत नाही. अंगावर मांस आहे म्हणजे अंगात रग आहे असे नव्हे, हे जसे देहाचे, तसेच पैशाचे.

मग रग ओळखायची कशी? माझ्या मते पहिली परीक्षा दमाची. डॉक्टर रोग्याला जिना चढायला लावतात आणि दम कुठे लागतो ते पाहतात. तसाच एक प्रश्न घराला विचारावा : उद्यापासून येणारा पैसा थांबला, तर हे घर कुणापुढे हात न पसरता किती महिने चालेल? उत्तर 'सहा महिने' असे आले, तर ते घर निरोगी. मग तो वीस हजारांचा संसार असो की दोन लाखांचा. उत्तर 'पुढच्या पगारापर्यंत' असे आले, तर घरात गालिचा असला तरी नाडी मंदच समजावी.

ही परीक्षा किती कठोर असू शकते, ते आमच्या शेजारच्या गिरणगावाने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. लालबाग-परळच्या चाळींतून महिने मोजले जाऊ लागले. आधी वाण्याची उधारी, मग भांडी, मग मंगळसूत्रातले मणी. वर्ष उलटले, तरी संप संपल्याचे कुणी रीतसर जाहीर केले नाही. त्या काळात अनेकांना तारले ते कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावाने. गावाहून येणारी तांदळाची किंवा ज्वारीची गोणी हीच त्यांची मुदतठेव होती. ज्याला गाव नव्हते आणि गाठही नव्हती, त्याला दम पहिल्याच जिन्यावर लागला. यात त्या माणसांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. तुटपुंज्या पगारातून वर्षा-दीड वर्षाची शिल्लक कोण टाकणार? पण महिने मोजण्याची सवय घराला असावी, एवढे मात्र त्या संपाने शिकवले.

माझ्या आईला हिशेबाचे शास्त्र ठाऊक नव्हते. पगार आला, की ती तो जुन्या पाकिटांतून वाटून टाकी. भाडे, दूध, वाणी, शाळा आणि शेवटचे एक पाकीट : 'आले-गेले'. पाहुणा आला, कुणी गेले, कुणी पडले-झडले, तर त्या पाकिटाला हात लागे. महिनाभर ते उघडावे लागले नाही, तर त्यातले पैसे पोस्टाच्या पुस्तकात जात. इतर पाकिटे रिकामी झाली, तरी तिला चिंता वाटत नसे. 'आले-गेले' रिकामे झाले, की मात्र ती त्या दिवशी थोडी गप्प असे.

दुसरी परीक्षा कर्जाची. कर्ज नसणे हे आरोग्याचे लक्षण, असे आपल्याकडची जुनी माणसे मानतात. मला ते पुरते पटत नाही. थोडा ताप हा कधीकधी शरीर झगडत असल्याची खूण असतो, तसेच कर्जाचेही असते. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया वर्षानुवर्षे वाण्याच्या आणि सावकाराच्या देण्यात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. तीच चूल, तेच कष्ट, तेच जेवणारे. बदलले ते फक्त कर्ज. एक कर्ज घर खात होते, दुसरे घर उभे करू लागले. म्हणून कर्जाला मी तीन प्रश्न विचारतो : कशासाठी घेतले? कशातून फिटणार? आणि घरातल्या कुणापासून लपवले आहे का? पहिल्या दोहोंची उत्तरे माणूस कशीबशी जुळवतो. तिसऱ्याला जर तो अडखळला, तर पुढचे तपासण्याची गरजच उरत नाही.

तिसरे लक्षण म्हणजे चमत्काराची भूक नसणे. जानेवारी २०२५ मध्ये दादरला 'टोरेस' नावाच्या दागिन्यांच्या दुकानापुढे माणसांची गर्दी उसळली. ती खरेदीची नव्हती. बुडालेले पैसे परत मागणाऱ्यांची होती. चमकणारे खडे विकत घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी ती योजना होती. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. फसलेल्यांत भाजी विकणारेही होते. आता साधा हिशेब पाहा. आठवड्याला चारच टक्के धरले, तरी वर्षाचे दोनशेआठ टक्के होतात. त्याच वेळी सरकारच्या भविष्य निर्वाह निधीवर वर्षाला ७.१ टक्के व्याज मिळत होते. एवढा फरक दिसत असताना माणसे फसतात कशी, असे आपण फराळ करता करता सहज विचारतो. पण मला वाटते, धडधाकट माणूस जडीबुटीवाल्याकडे जात नाही. ज्याचे दुखणे सरळ औषधाने बरे होईल असे त्याला वाटत नाही, तोच तिकडे वळतो. एका वर्षात दुप्पट-तिप्पट झाल्याशिवाय आपले भागणारच नाही असे वाटू लागणे, हेच मुळी आजाराचे लक्षण. अर्थात, पोट भरलेले असूनही शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून भूक लागणारेही असतात. त्यांचे दुखणे निराळे, औषधही निराळे.

चौथे लक्षण मी सर्वांत मोठे मानतो आणि ते मला पुस्तकातून नव्हे, एका शेजारणीकडून समजले. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ अचानक गेले. अतिशय टापटिपीचा माणूस. देणे एका पैशाचे नाही, घरात कधी कशाची वाण पडली नाही. तेराव्यानंतर आठवड्याभराने वहिनी माझ्याकडे आल्या. हातात शर्टाचे एक जुने खोके होते आणि त्यात पावत्या, पासबुके, विम्याचे कागद कोंबलेले होते. तांदळाच्या चार जातींचे भाव ज्यांना तोंडपाठ, दुधाच्या हिशेबात ज्यांना गवळी कधी फसवू शकला नाही, त्या वहिनींना नवऱ्याचे पैसे किती बँकांत आहेत हे माहीत नव्हते. कुठल्या पावतीवर वारस म्हणून कुणाचे नाव आहे, तेही नव्हते. पुढे दोन-अडीच महिने आम्ही बँकांचे उंबरठे झिजवले. एका काउंटरवरून परतताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांनी मला आयुष्यात काही कमी पडू दिलं नाही. पण आपलं काय आहे नि काय नाही, हे मला आता परक्या मुलीकडून कळतंय."

बहुतेक पैसे मिळाले. एका पावतीचा मात्र पत्ता लागला नाही. पण वहिनींना लागले होते ते पैशाचे नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात आपण घरातल्या एका खोलीत कधी गेलोच नाही, असे काहीसे त्यांना वाटत असावे.

हे एका घरापुरते नाही. दहा वर्षे कुणी विचारपूस न केलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे सोपवतात. हा निधी २०१४ साली सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत एकट्या सरकारी बँकांनी त्यात सुमारे ३५,००० कोटी रुपये जमा केले होते. अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' ही सोय सुरू केली. ते पैसे बुडालेले नाहीत, हक्काच्या माणसाला मागता येतात. पण त्या आकड्याच्या मागे मला किती तरी खोकी दिसतात. कुणीतरी काटकसर करून, हौस मारून, रिक्षाऐवजी पायी जाऊन तो पैसा बाजूला टाकला असेल. आणि ज्यांच्यासाठी टाकला, त्यांनाच सांगायचे राहून गेले! ज्या घरात पैशाची माहिती एकाच डोक्यात आहे, ते घर एका श्वासावर उभे आहे, मग शिल्लक कितीही असो.

म्हणून आता मला वाटते, ही चार लक्षणे मुळात एकच आहेत. घराला किती महिन्यांचा दम आहे, कर्ज कशाचे आहे, कुठल्या योजनेत पैसे घातले आहेत, कागद कुठे आहेत, या साऱ्यांविषयी घरातल्या घरात मोकळेपणी बोलता येणे, हीच निरोगी खिशाची खूण. "यंदा परवडणार नाही" हे वाक्य ज्या घरात मुलांसमोर सहज उच्चारले जाते आणि मुले ते ऐकून पुन्हा खेळायला जातात, त्या घराची मला काळजी वाटत नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या चोपड्यांना हळदकुंकू वाहतात. नोकरदाराच्या घरी चोपडी नसते, म्हणून आपण नुसती नाणी आणि झाडू पुजून मोकळे होतो. यंदा एक कागद घ्यावा. येते किती, जाते किती, देणे किती, ठेवले कुठे, कुणाच्या नावे, एवढ्या पाच ओळी त्यावर लिहाव्यात. पूजा झाली, की घरातल्यांनी एकत्र बसून तो कागद वाचावा. आणि आजवर ज्याने हिशेब पाहिला नसेल, त्याच्या किंवा तिच्या हाती तो वाचायला द्यावा. आकडे लहान निघाले तर निघू देत. वाचणाऱ्याचा आवाज कुठे खाली आला नाही, तर खुशाल समजावे, की नाडी ठीक चालली आहे, आणि मग फराळाचे ताट पुढे ओढावे.